चौथं पान

"अकरा पेशंटचे विम्याचे दावे परत आलेत," डॉक्टर बसायच्या आधीच म्हणाले. "कारण एकच. डॉक्टरच्या पात्रतेचा कागद जोडलेला नाही म्हणे!"

डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ होते आणि झोपेचे आजार बघायचे. अकरांपैकी एक ट्रकचालक. झोपेत त्याचा श्वास अडकायचा आणि दिवसा स्टिअरिंगवर डोळा लागायचा. विमा मंजूर झाला तरच त्याला श्वासाचं मशीन मिळणार होतं.

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी परत आलेले कागद उलटसुलट पाहिले. कोपऱ्यात स्टेपलची भोकं होती, पण कागद टाचणीने जोडलेले होते.

"स्टेपलच्या पिनाही वाचवणारा कुणीतरी चिक्कू आहे, वहिनी," तपासात सोबत असणारे त्यांचे दीर म्हणाले. ताईंनी नेहमीप्रमाणे काणाडोळा केला.

दवाखान्यात बिलं करणारी बाई उसळलीच. "चारही पानं मी स्वतः स्टेपल करते. चौथ्यावर सरांची पदवी असते. बाहेरगावचे दावे कुरिअरने थेट कंपनीत जातात, ते पास झालेत. कॉलनीतले तेवढे विम्याच्या एजंटकाकांकडून जातात."

"त्यांच्याकडे कोण पोचवतं?"

"सरांचे बाबा. दोघं सकाळी फिरायला जातात ना."

झोपेची चाचणी घेणारा तंत्रज्ञ हसला. "मी दाव्यांच्या पाकिटाला हातही लावत नाही. पण एजंटकाका परवा विचारत होते, सर छातीचे डॉक्टर ना?"

संध्याकाळी सगळे डॉक्टरांच्या घरी जमले. बाबांच्या टेबलावर टाचण्यांची डबी होती.

"फक्त कॉलनीतलेच दावे अडकले," ताई बाबांना म्हणाल्या. "म्हणजे कागद एजंटच्या वाटेवर गळला. तुम्ही स्टेपल काढलीत, चौथं पान ठेवून घेतलंत, उरलेली टाचलीत. चौथं पान वाचलं असतं तर एजंटला कळलं असतं, मुलगा छातीचा डॉक्टर नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "वेड्यांचा डॉक्टर म्हणतात हो लोक. मला लाज वाटायची." मग ते मुलाकडे वळले. "पण तुझं लग्न ठरताना सासऱ्यांना 'मी छातीचा डॉक्टर' असं तूच सांगितलंस ना? मी तेच पुढे चालवलं."

डॉक्टरांना मान वर करवेना. बाबांपेक्षा त्यांना स्वतःचीच जास्त लाज वाटली. त्यांनी ट्रकचालकाला फोन लावला.

"दावा आमच्या घरातल्या चुकीमुळे अडला. आणखी एक... मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"असू दे की, डॉक्टर," पलीकडून आवाज आला. "मशीन कधी मिळेल, ते सांगा."