दुसऱ्याच्या दातांच्या खाचा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या ऑक्टोबरातला सोमवार. दुपारचे चार. न्यू ऑर्लिन्समधलं आमचं स्वयंपाकघर. शेगडीवर लाल बीन्सचं पातेलं होतं.

माझा नवरा ओविड पोस्टातून निवृत्त झालेला. भारी बडबड्या. 'मार्डी ग्रा'च्या उत्सवात गल्लीतल्या बँडबरोबर वाजवायचं म्हणून साठीनंतर त्यानं सॅक्सोफोन घेतला, तोही जुन्या बाजारातून.

शेजारचा म्हातारा सेप्टिम शिकवायला यायचा.

"खालचा ओठ दातांवर दुमड. वरचे दात माउथपीसवर टेकव. गाल कशाला फुगवतोस, बेडूक आहेस का?"

तोंडात धरायच्या त्या सुट्या माउथपीसवर जुन्या मालकाच्या दातांच्या दोन खोल खाचा होत्या.

"मेलेल्याचा बाजा घ्यावा, माउथपीस घेऊ नये," सेप्टिम म्हणाला. "नवा आण."

"अरे, माझे दात कसे चपखल बसतात बघ! क्लोटी, सांग याला. आयतं मिळालंय ते सोडू?"

मी हसले. तेव्हाच हिसकावून घ्यायला हवा होता.

तीन आठवडे नुसती चिरकी किंकाळी.

त्या सोमवारी तो आरशासमोर बसून नुसता माउथपीस फुंकत होता. अचानक सूर लागला. सरळ, स्थिर.

मी टाळ्या वाजवल्या.

सूर थांबेना.

एक मिनिट... दोन मिनिटं...

त्याची छाती हलतच नव्हती.

आरशातून त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. चाचपडत पेन्सिल घेऊन त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खरडलं...

'मी फुंकत नाहीये.'

मी माउथपीस ओढला. निघेना. ओरडून सेप्टिमला बोलावलं. दोघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे तो सुटला, आणि सूर बंद झाला.

पण ओठ तसेच राहिले. खालचा आत दुमडलेला, कोपरे घट्ट.

"हे शिकाऊ माणसाचं तोंड नाही," सेप्टिम पुटपुटला. "पन्नास वर्षं वाजवणाऱ्याचं आहे."

माउथपीस त्यानं नदीत फेकला. काही फरक पडला नाही. डॉक्टर झाले, पाद्री झाले, सगळ्यांनी हात टेकले. मार्डी ग्रा येऊन गेला. पाच महिने मी त्याला नळीनं सूप पाजलं. घर खायला उठायचं. देवाकडे एकच मागणं होतं, त्यानं एकदा तरी मला हाक मारावी.

परवा सकाळी त्याचे ओठ सुटले.

मी हातातलं टाकून धावले. त्यानं माझ्याकडे मायेनं पाहिलं...

"एर्नेस्टीन."

आवाज ओविडचाच होता. पण या नावाची बाई आमच्या नात्यात नाही, गल्लीत नाही. सेप्टिमलाही ठाऊक नाही.

"एर्नेस्टीन, ऐकतेयस ना गं?"

काय करणार? पाच महिन्यांनी तो आवाज कानावर पडला होता.

मी 'ओ' दिली.

अजूनही देतेय.