बहिरी ज्वारी

प्रयोगशाळेतल्या ज्वारीचं पाणी तोडून बरेच दिवस झाले होते, तरी ती ढिम्म. पाणी तुटलं की शहाण्या रोपानं पानांची रंध्रं मिटायची आणि मुळं खोल धाडायची. ही रोपं मात्र रंध्रं सताड उघडी ठेवून वाळत होती. बाहेर माणदेशात हेच चाललं होतं. दुष्काळात अख्खा तालुका पिवळा पडला होता, आणि त्याचं श्रेय, म्हणजे पाप, डॉ. हेमांगी तांडेल यांचं होतं.

सावधरस त्यांचाच. समुद्रशेवाळाला गोगलगायी कुरतडू लागल्या की ते एक शर्करा तयार करतं. तिचा अर्क, म्हणजेच सावधरस, पिकावर फवारला की पिकाला वाटतं, संकट आलं, आणि ते कंबर कसतं. ना खत, ना विष, नुसती भीती. वर भ्यालेलं रोप हवेत धोकागंध सोडतं, म्हणजे शेजारचंही सावध होतं. त्या काळी सत्काराचे नारळ ठेवायला हेमांगीबाईंच्या घरात जागा उरली नव्हती.

"किडीची असो की दुष्काळाची, रोपाच्या आत धोक्याची घंटा एकच असते," बीजस्मृतीचे अभ्यासक डॉ. फिरोज मुकादम म्हणाले. "आपण ती दरवर्षी उगाच वाजवली. बियाण्यात आठवण उतरत गेली, की घंटा वाजते पण संकट येत नाही. आता खरं संकट आलंय आणि झाडं म्हणतायत, चालायचंच."

उपाय एकच होता, कधीच न फवारलेलं बियाणं. पण बियाणेकोशातलं वाणसुद्धा नवं करताना सावधरसाच्याच शेतांत वाढवलेलं. मुकादमांनी हात टेकले.

हेमांगीबाईंना एक जागा ठाऊक होती. हिंगणवाडीत प्रत्येक शेताच्या मधोमध म्हसोबाचा तुकडा राखतात. त्यावर काही फवारायचं नाही, कणसं पाखरांची, आणि बी पुन्हा त्याच तुकड्यात टाकायचं. पण सावधरसाच्या प्रयोगाचे आकडे एकसारखे यावेत म्हणून बाईंनी तोही फवारायला लावला होता. तिथल्या शेतकरी शालन विरकर नको नको म्हणत होत्या, शेवटी त्यांनी मान डोलावली होती. मुकादमांना हे सांगायची बाईंना लाज वाटली. तरी वेडी आशा धरून त्या हिंगणवाडीला गेल्या.

शालनताईंनी सगळं ऐकलं आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. तवा मी तुमाला खोटं बोलले. देवाचं रान न्हाई फवारलं आमी."

हेमांगीबाईंना रडूच फुटलं. आपलं कुणी ऐकलं नाही याचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

बी प्रयोगशाळेत रुजवलं, रोपं वाढवली आणि पाणी तोडलं. बघायला शालनताई हट्टानं आल्या. रोपं वाळू लागली. रंध्रं सताड उघडी.

मुकादमांनी शालनताईंकडे पाहिलं. "बाई, खरं सांगा, फवारलं होतं ना?"

"म्हसोबाची आन, न्हाई." त्यांचा चेहरा पार उतरला. "माझ्या खोटं बोलण्यानं देव कोपला जणू. माझ्यापायी सगळ्यांची रानं गेली."

तुकडा फवारल्याचीच नोंद होती. हेमांगीबाई गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती, आणि क्षणभर त्या राहिल्याही. त्या क्षणाची शरम त्यांना जन्मभर पुरणार होती.

"शालनताई, तुम्ही फवारलं नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुकडा शेताच्या मधोमध. भोवतीची ज्वारी मी भेवडावली, आणि ती तुमच्या देवाच्या ज्वारीला दरवर्षी वाऱ्यावरून सांगत राहिली, संकट आलं म्हणून. कुठलाही तुकडा सुटला नसणार. तुमच्या खोट्यानं काही झालं नाही. हे माझं पाप आहे."

शालनताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मग मॅडम," त्यांनी विचारलं, "आता पेरायचं काय?"