ओळखीचे का तुमचे?

"या छत्रीत पाय भिजतात."

बाबांनी हे इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की घरसामानाच्या त्या मोठ्या दुकानात भांड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळ्यांच्या माना वळल्या. बाहेर बारीक पाऊस पडत होता. आत, 'वस्तू बदलून मिळतील' अशी पाटी लावलेल्या काउंटरवर बाबांनी ती ओली छत्री ठेवली होती, आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी असलेली त्यांची लेक, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशा विचारात होती.

"माफ करा, सर," काउंटरवरचा तरुण म्हणाला. "गळतेय का छत्री?"

"गळत नाही. डोकं कोरडं राहतं. पाय भिजतात."

"सर, छत्री... डोक्यावर धरतात ना."

"मग? पाय काय शेजाऱ्याचे आहेत?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्या तरुणाचे कान लाल झाले. तरी तो पुन्हा "माफ करा" म्हणाला, कारण दुकानाच्या मॅनेजरचा नियमच होता तसा – आधी माफी, मग कान. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत माफी मागून मोकळं व्हायचं.

लेक एक पाऊल बाजूला सरकली. मग आणखी एक. आणि बघता बघता बादल्यांच्या रांगेशी जाऊन पोचली. लाजेपायी माणूस काय करेल याचा नेम नाही. ही बया बादल्या निरखायला लागली. लाल, निळी, झाकणाची, बिनझाकणाची... जन्मात कधी बादली पाहिली नसावी तशी.

"तुमच्या साहेबांनाच भेटतो," असं म्हणून बाबा वरच्या मजल्यावर गेले. रांग पांगली.

"माफ करा, तुम्ही केव्हाच्या उभ्या आहात," मागून आवाज आला. "बादली बदलायची आहे का?"

"नाही... नुसती बघतेय."

"बादली?"

"हो."

"बादलीकडे इतक्या प्रेमाने बघणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

तिने मान वर केली. त्याचे कान अजून लालच होते, पण डोळे हसत होते. आत्ताच चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस, आणि याला हसू कुठून येतं? तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला. "ते काका... ओळखीचे का तुमचे? सारखे तुमच्याकडे बघत होते."

"छे," ती म्हणाली. "कोण ते? मला नाही माहीत."

झालं. बोलून गेली. आणि तोंडातून गेलेला शब्द बदलून देणारं काउंटर कुठल्याच दुकानात नसतं.

बस थांब्यावर बाबांनी विचारलं, "कुठे गेली होतीस गं?"

"बादल्या बघत होते."

"घेऊ नकोस. कड्या निसटतात इथल्या," बाबा म्हणाले आणि बसची वाट बघायला लागले.

बाबांचं असं, की त्यांची अख्खी नोकरी एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीत गेली. काचेला ताटलीएवढं भोक, आणि त्या भोकातून लोक वाट्टेल ते बोलायचे. निवृत्त झाले त्या आठवड्यातच त्यांनी जाहीर करून टाकलं, "आयुष्यभर ऐकलं. आता माझी पाळी." आईने त्यांना अडवलं नाही. उलट तीच म्हणायची, "जाऊन या हो दुकानात. तेवढीच मला शांतता." घरात डोकं खाण्यापेक्षा बाहेर खाल्लेलं बरं, एवढा साधा विचार होता तिचा.

लेकीने मात्र बादली घेतलीच. आठवड्याभराने तीच बादली घेऊन ती काउंटरवर हजर.

"काय तक्रार आहे बादलीबाई?"

"रंग... डोळ्यांत खुपतो."

"माफ करा. बादलीच्या वतीने." त्याने बादली फिरवून फिरवून पाहिली. "निळी देतो. पण निळीने घरी जाऊन रुसू नये, याची जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेईन ना."

"मग तुम्हाला पुढच्या आठवड्यात यावं लागेल... ती सुखात आहे का ते सांगायला."

ती आली. मग येतच राहिली. दुकानासमोर पत्र्याच्या आडोशाखाली चहावाल्याची बाकं होती. तिथे दोघे बसायचे, पत्र्यावर पाऊस वाजायचा, आणि चहा गार होईपर्यंत आपापल्या दिवसातल्या तक्रारी एकमेकांना सांगायचे. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, म्हणजे तिच्याकडेही माल कमी नव्हता.

"आज एक बाई म्हणाल्या, दात साफ केल्यापासून फटी दिसतात. आधीचं किटण परत बसवून द्या."

तो बाकावरून पडायचाच बाकी राहिला. "माझ्याकडे याहून भारी आहे. जावईबापू आले होते."

दुकानातल्या पोरांची एक रीत होती. तिसऱ्यांदा तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला टोपणनाव द्यायचं. छत्रीवाल्या काकांना 'जावईबापू' म्हणायचे, कारण कितीही सरबराई करा, रुसवा काही निघत नाही.

"पायपुसणं परत आणलं. म्हणे यावर 'सुस्वागतम' लिहिलंय, म्हणून नको ते पाहुणे येतात." त्याने नसलेला चष्मा कपाळावर सरकवला, हनुवटी वर केली आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पटत नाही... तरी बोला."

ती हसली. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला तसं हसताना बघून त्याने पुन्हा नक्कल करून दाखवली.

संध्याकाळी जेवताना बाबांनी चष्मा तसाच कपाळावर सरकवला आणि तिच्या ताटात वाढलं. "गरम आहे तोवर खाऊन घे. दिवसभर राबतेस." तिने उचललेला घास परत ताटात ठेवला. स्वतःच्या बापाला परक्याच्या तोंडून हास्यास्पद करून घेतलं, आणि वर चहा प्यायला... लाज लाज म्हणतात ती ही. आधी तिला बाबांची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटत होती, आणि ही जास्त बोचत होती.

रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज तो समोर यायचा, ओल्या केसांतून हात फिरवायचा, "काय बादलीबाई" म्हणायचा – आणि ही बादलीचंच काहीतरी सांगत बसायची. सांगितलं तर तो म्हणेल, जी मुलगी बापाला ओळख देत नाही, ती उद्या मला काय देईल? आणि त्याचं काय चुकलं असतं?

अशात एक दिवस चहाच्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवत तो म्हणाला, "एक विचारू? तुझ्या घरी... बाबांना भेटायला येऊ?"

तिचा पेला हिंदकळला. "बाबांना... कशाला?"

"तुला मागायला. म्हणजे, तू हो म्हणालीस तर. आधी तू." कान लाल. "कडक आहेत का?"

"जरा... चोखंदळ आहेत."

"मग चिंता नाही. चोखंदळ लोकांवरच माझं पोट चालतं."

ती उठलीच. "उद्या सांगते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती थेट काउंटरवर गेली. शब्द पाठ केले होते. दोन-तीन गिऱ्हाइकं आजूबाजूला रेंगाळत होती, तरी तिने काउंटरची कड घट्ट धरली. "मला काहीतरी सांगायचंय. पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस ना, ते काका –"

"नाव घेतलं आणि हजर," तो कुजबुजला. पण कुजबूज चांगलीच मोठी होती. "बघ, जावईबापू आले. आज तुला पुन्हा प्रत्यक्ष बघायला मिळणार."

बाबा दारातून आत आले होते. हातात पिशवी, पिशवीत गजराचं घड्याळ. त्यांनी ते नाव ऐकलं. काउंटरवरच्या पोराचं हसू पाहिलं. मग त्याच्यासमोर उभी असलेली आपली लेक पाहिली, तिचा उतरलेला चेहरा पाहिला. क्षणभर थांबले, आणि रांगेत तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"ताई, तुमचं होऊ द्या आधी," ते तिला म्हणाले. "मला घाई नाही."

ताई. तुमचं. तिला कळायला वेळ लागला नाही. बाबा तिचं खोटं सांभाळून घेत होते. तिची फजिती होऊ नये म्हणून स्वतः परके झाले होते.

"बाबा," ती म्हणाली.

दुकानातला गोंगाट चालूच होता, पण काउंटरपाशी सगळं थांबलं. त्या तरुणाने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्याचा रंग उडाला. तोंड उघडलं, आणि सवयीने जे बाहेर पडतं तेच पडलं. "माफ करा, सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर –"

तिथेच त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "या वाक्यावर मी अख्खी नोकरी काढलीय. आत काही नसतं त्याच्या." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "आज माझी काही तक्रार नाही."

ते निघाले. ती मागे धावली.

बस थांब्यावर दोघं शेजारी उभी राहिली. पाऊस तिरपा येत होता. "कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"छत्रीच्याच दिवशी. मी वळून बघितलं तर तू बादल्यांत तोंड खुपसून उभी."

"बाबा, मी... मला नाही सांगता येत किती वाईट वाटतंय. मी त्याला म्हटलं, मी ओळखत नाही तुम्हाला."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. "तू लहान असताना एकदा माझा डबा घेऊन कचेरीत आली होतीस. आठवतंय?"

"नाही."

"बरंय. खिडकीसमोर एक माणूस मला नाही नाही ते बोलत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि त्याच्या मागे तू उभी. मी शिपायाला म्हटलं, ही कुणाची मुलगी आहे, बाहेर बसव हिला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझी आहे म्हणवेना. तू डबा तसाच घरी घेऊन गेलीस. तुझ्या आईने विचारलं तर म्हणालीस, बाबा कामात होते."

तिने त्यांचा दंड धरला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून कुणीतरी पळत आलं. टाय खांद्यावर गेलेला, अंगभर भिजलेला.

"काउंटर कुणाकडे दिलंत?" बाबांनी विचारलं.

"कुणाकडेच नाही."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत." तो धापा टाकत होता. "काका, मी तुमची नक्कल करतो. दुकानात करतो, हिच्यासमोर करतो. ही तुमची मुलगी हे माहीत नव्हतं, पण... ते काही कारण नाही. तुम्ही कुणाचे तरी बाबा असणार, एवढं तरी कळायला हवं होतं. मला लाज वाटते, काका."

नेहमीचं 'माफ करा' आलं नाही. बाबांनी ते येतंय का, याची थोडी वाट पाहिली.

"करून दाखवा," ते म्हणाले.

"काय?"

"नक्कल."

"इथे?"

"हिला दाखवता, मला नाही?"

थांब्यावरचे लोक बघायला लागले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर पायांकडे वळवली. शेवटी त्याने नसलेला चष्मा वर सरकवला. "तुमचं म्हणणं मला पटत नाही, तरी बोला."

"चूक," बाबा म्हणाले. "डाव्या हाताने सरकवतो मी. आणि 'पटत नाही' म्हटल्यावर थांबतो. तुम्ही घाई करता."

"परत करू?"

"करा."

त्याने परत केली. या वेळी बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते त्यांनी खोकून झाकलं, पण तिने बरोबर टिपलं. घरी कधीच न हसणारा माणूस स्वतःवर हसत होता.

"बाबा," ती एका दमात म्हणाली, "हा मला आवडतो. तुम्ही कितीही तक्रारी केल्यात तरी आवडतो."

"ते मला कशाला सांगतेस? त्याला सांग." बाबांनी पाठ वळवली. "मी बस बघतो."

ते दोन पावलं पुढे, फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. मागे दोघं, आणि मध्ये पाऊस. त्याने तिच्या हाताला नुसतं बोट लावलं. "तू मला ओळख देशील ना? असं... मी कुणासमोर बोलणी खात असलो तरी?"

तिने ते बोट मुठीत धरलं. "देईन," ती म्हणाली. "आधी मला शिकायला लागेल. पण देईन."

बस आली. बाबांनी वळून या दोघांकडे एकदा पाहिलं आणि हात दाखवला नाही. बस तशीच निघून गेली.

"अहो!" मागचा एक माणूस त्यांच्यावर खेकसला. "पुढे उभे राहता आणि बस जाऊ देता? दिसत नाही का तुम्हाला? अक्कल गहाण ठेवली का?"

"माफ करा," बाबा म्हणाले. "चूक माझीच."

त्याचं बोट सोडून ती पुढे झाली. बाबांच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. थांब्यावरचे सगळे बघत होते. बघेनात का.

"त्यांना असं बोलू नका," ती त्या माणसाला म्हणाली. "माझे बाबा आहेत ते."

तो माणूस वरमला. मग बाबांच्या दुसऱ्या बाजूला मुकाट्याने येऊन उभ्या राहिलेल्या त्या भिजक्या पोराकडे त्याने बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

बाबांनी त्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आमच्यातलेच," ते म्हणाले.