टाळ्यांना हात लावायचा नाही

ही गोष्ट खरी आहे. मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे, आणि तिचा शेवट मी माझ्या कानांनी ऐकलाय.

शिवाय ती रात्रीचीही नाही. रविवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या इमारतीला रंग देणारे कामगार शिडीशी बसून डबे खात होते. भुतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे वाचाच.

मावशीच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. खाली त्यांचं चष्म्यांचं दुकान आणि वर घर. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, आणि दुकान मिटलं की स्वतःचे कान उघडायचे. जॅझचं वेड होतं त्यांना. साधंसुधं नाही, हाताबाहेर गेलेलं. मागच्या खोलीत भिंतभर रेकॉर्ड, टेपची स्पुलं आणि एक जुनं अवजड मशीन. मावशी त्या खोलीला 'माझी सवत' म्हणायची.

असल्या वेड्यांचा एक ग्रुपही होता. गावोगावची माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. कुणाला कुठली दुर्मिळ टेप मिळाली, कुठला ट्रम्पेटवाला कुठल्या रात्री खरा रंगला, यावर तासन्‌तास वाद चालायचे. मध्येच कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेची नोकरी, कुणाच्या छताची गळती. टेपा टपालाने या घरातून त्या घरात फिरायच्या.

काकांची एक खोड होती. त्यांना वाजवणारे हवे असत, ऐकणारे नको. मैफलीच्या टेपवर कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली, की यांच्या कपाळाला आठी. तांदळातले खडे निवडावेत तसे ते हे आवाज निवडून काढत बसायचे. ग्रुपवर त्यांचं नावच पडलं होतं, साफसफाई खातं.

घरातही तोच कायदा. संध्याकाळी मावशी त्या खोलीच्या दारात यायची, हातातला चाव्यांचा जुडगा वाजवायची आणि म्हणायची, "झालं का तुमचं?"

काका मान न वळवता ओठांवर बोट ठेवायचे.

शू.

लग्नापासून हेच चाललेलं. मावशी हसून सोडून द्यायची. आम्हीही हसायचो.

काकांचा एकच मित्र घरी येऊन ऐकायचा, दातांचे डॉक्टर. त्यांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी असायची. एखादा तुकडा संपला की गोळी तोंडात, आणि डबीचं झाकण... टक. काका चिडायचे. डॉक्टर मुद्दाम परत वाजवायचे.

डॉक्टर एका वर्षी थंडीत गेले. त्यांच्या बायकोने आठवण म्हणून ती डबी काकांना दिली. काकांनी ती मशीनजवळ ठेवून दिली आणि बरेच दिवस काही ऐकलंच नाही.

मग ती टेप आली.

ग्रुपमधल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी पाठवली होती. कुठल्याशा लहान हॉलमधली जुनी मैफल. काकांचं लग्नही झालं नव्हतं तेव्हाची. सॅक्सोफोन कोण वाजवतंय हे कुणालाच ओळखता आलेलं नव्हतं. प्रत नाही, हीच मूळ टेप. पोस्टमास्तरांनी फोन करून बजावलं होतं.

"कितीही दिवस ठेवा. पण तुमची साफसफाई इथे नको. टाळ्यांना, माणसांना हात लावायचा नाही. ज्यांनी लावला, त्यांनी मला टेप परत पाठवली आणि पुन्हा ग्रुपवर बोलले नाहीत."

काकांना वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय.

त्या रविवारी मावशी आमच्याकडे आली होती. माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. दोघींना बोलायला दिवस पुरत नाही. घर रिकामं. काकांनी टेप चढवली.

सॅक्सोफोन अप्रतिम होता. काकांनी डोळे मिटले. पहिला तुकडा संपला, टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्या, आणि...

टक.

काकांनी डोळे उघडले. डबी जागेवरच होती. बंद.

टेप मागे घेतली. पुन्हा लावली.

टक. आणि पाठोपाठ खोकला. कोरडा, दोन ठसक्यांचा. तो खोकला काकांनी अर्धं आयुष्य सहन केला होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

गंमत बघा, त्यांना भीती वाटली नाही. बरं वाटलं. ते एकटेच हसले आणि म्हणाले, "आलात का डॉक्टर."

टेप चालू राहिली. दुसरा तुकडा. आधी डबल बास, मग ड्रम. पुन्हा टाळ्या. टाळ्या थांबल्या. हॉलमध्ये शांतता.

त्या शांततेत चाव्या वाजल्या...

"झालं का तुमचं?"

काकांनी सवयीने ओठांवर बोट नेलं. मग हात तिथेच राहिला. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं.

आवाज टेपमधून आला होता.

आता मात्र त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी आमच्याकडे फोन केला. आईने उचलला. मागे मावशीचं हसणं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. ती मजेत होती, शेजारणीची नक्कल करून दाखवत होती. काही नाही, सहज, असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

पण डोक्यात एकच. त्या हॉलमध्ये डॉक्टर बसलेत, आणि डॉक्टर गेलेत. मग ही तिथे काय करतेय?

बाकी काही त्यांना सुचलं नाही. जे आयुष्यभर करत आले तेच सुचलं. नको असलेला आवाज काढून टाकायचा. टेपवर ती राहिलीच नाही, तर तिला तिथे जायचं कारणच नाही.

त्यांनी हाताने स्पूल पुढे-मागे फिरवून नेमकी जागा शोधली. टेपवर पेन्सिलीची खूण केली. ब्लेड घेतलं. मूळ टेपला ब्लेड लावणं हे या लोकांत पाप समजतात. तरी काकांनी वीतभर टेप कापली आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडली.

पुन्हा लावून पाहिलं. टाळ्या, आणि लगेच सॅक्सोफोन. चाव्या नाहीत. बाई नाही.

काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि फोन वाजला.

आई रडत होती. मावशी बोलता बोलता थांबली होती. चक्कर नाही, दुखणं नाही. वाक्य अर्ध्यावर आलं आणि आवाज बंद. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी तिच्या समोरच बसलो होतो. तिने गळ्याला हात लावला, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. ते तिचे डोळे मी विसरू शकत नाही.

सगळ्या तपासण्या झाल्या. घसा चांगला, मेंदू चांगला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मोठमोठे शब्द वापरले, कारण कुणालाच सापडलं नाही.

मावशी घरी परतली. आणि घर कसं झालं ठाऊक आहे? काकांना हवं होतं तसं. शांत. तिची चप्पल वाजत नाही. तिने ठेवलेला कप वाजत नाही. चाव्यांचा जुडगा तिच्या हातात हलतो आणि वाजत नाही. काका दुकानातून वर आले की ती मागे येऊन उभी असते आणि त्यांना कळतही नाही.

हे सगळं काकांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. खाली दुकानात, शटर अर्धं ओढून. पोस्टमास्तरांना त्यांनी फोन केला होता. तुकडा परत जोडला तर? पोस्टमास्तर म्हणाले होते, जोडता येईल. आवाज बहुतेक परत येईल. पण मग बाई टेपवर आहेत, हेही खरं होईल.

"काय करू सांग," काका मला म्हणाले. "मुकी ठेवू, की जाऊ देऊ? जन्मभर तिला शू केलं रे मी. एकदा तरी मान वळवून तिच्याकडे बघायचं होतं."

आणि ते रडले. मी काकांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला वर नेलं.

तो वीतभर तुकडा त्यांनी डॉक्टरांच्या डबीत ठेवला नव्हता, की फेकला नव्हता. दोन्ही बाजूंना कोरी टेप जोडून वेगळ्या स्पुलावर चढवला होता. रोज संध्याकाळी ते तो लावतात. मावशी शेजारी खुर्चीवर बसते आणि स्वतःचा आवाज ऐकते.

त्या दिवशीही ती बसली होती. मला पाहून हसली. काकांनी बटण दाबलं.

आधी कोऱ्या टेपची सरसर. मग चाव्या.

"झालं का तुमचं?"

मावशीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

काका बटणाकडे हात नेणार, एवढ्यात...

टक.

"हे नव्हतं," काका पुटपुटले. "कालपर्यंत हे नव्हतं." पुढची टेप कोरी होती. त्यांनी स्वतः जोडलेली, नव्या पाकिटातून काढलेली.

कोऱ्या टेपवर कुणीतरी खुर्ची ओढली. बसायला जागा करून द्यावी तशी, हळूच. खूप माणसं श्वास धरून बसली आहेत असं वाटलं.

"बंद करा काका," मी म्हणालो.

काकांनी हात पुढे केला. तेव्हा मावशीने तो धरला. अगदी हलकेच. ती मशीनकडे झुकली, आणि आमच्याकडे न बघता तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिला पुढचं ऐकायचं होतं.

मी जिना उतरून आलो. पुढे काय वाजलं ते मी ऐकलं नाही, आणि काकांना विचारलंही नाही. तुकडा अजून जोडलेला नाही, एवढं मला माहीत आहे. मी मावशीकडे आजही जातो. सकाळी जातो, दुकान उघडं असताना.

पण काल आईचा फोन आला. म्हणाली, मावशी आता दुपारीही त्याच खोलीत बसते. आणि काका सारखे दारात येऊन तिला विचारतात, झालं का तुझं?

ती मान वळवत नाही.