साबणाच्या डबीतली अकरा भुतं

“हात लावायचा न्हाई. एकाही फायलीला हात लावायचा न्हाई,” असं म्हणत राजूने रत्नदीपचा हात माउसवरून उचलला आणि बाजूला ठेवला. “व्हायरस हाय ह्यो. उघडलास की पसरलाच म्हणून समज.”

दहा वर्षांच्या रत्नदीपला आत्तापर्यंत खोकल्याचा व्हायरस तेवढा माहीत होता. त्याने हात खिशात घातला आणि दोन पावलं मागे सरकला.

भुकूमच्या विहारातल्या वाचनालयात त्या दुपारी पाच जण कॉम्प्युटरपुढे उभे होते. रत्नदीप, त्याची तेरा वर्षांची बहीण धम्मदीपा, रस्त्यापलीकडच्या नव्या सोसायटीत राहणारा त्यांचा मित्र वेदांत, मराठी शिकवून निवृत्त झालेले सोमनाथ सर, आणि पिरंगुटच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा राजू. सहाव्या गंगूबाई. त्या कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नव्हतं.

या गंगूबाईंनी पिरंगुटच्या कारखान्यात बावीस वर्षं झाडू मारला, आणि झाडता झाडता गाणी रचली. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळी तोंडपाठ. ऑपरेशनच्या आधी सरांनी पंधरा दिवस खपून त्यांची चाळीस गाणी रेकॉर्ड केली, आणि ती ठेवली डबीत.

ही डबी म्हणजे खरोखरच साबणाची निळी डबी. धम्मदीपाच्या प्रदीपदादाने तिच्यात पत्त्याच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर बसवला होता. “हिच्यात नेहमीचं विंडोज नाही, लिनक्स नावाची दुसरी कार्यप्रणाली आहे. जरा वेगळ्या वळणाची आहे, सांभाळून घ्या,” एवढं सांगून दादा कंपनीच्या कामासाठी परदेशी निघाला होता, आणि आज तो विमानात होता. सांभाळून घ्या म्हणजे नेमकं काय करा, हे विचारायचं राहूनच गेलं.

आज वैशाखातली पौर्णिमा. संध्याकाळी सहाला विहारात गंगूबाईंची गाणी स्पीकरवर लावायची होती. वाचनालयाला नवा विंडोज कॉम्प्युटर मिळालेला. तो डबीला जोडला, गाण्यांची यादी उघडली, आणि सगळ्यांची तोंडंही उघडीच राहिली. यादीत चाळीसपैकी तेहतीसच गाणी होती. सात गायब. आणि मधूनमधून ओळख ना पाळख, अशी नावं घुसलेली: _K3R9P~T, _7WQ0D~4, _2HM8X~C. रत्नदीपने ही भुतं मोजली तर भरली अकरा.

“आता काय करायचं रे, राजू?” सरांनी विचारलं.

“त्या सात गाण्यांचा नाद सोडा, सर. ती व्हायरसनं खाल्ली. उरलेली तेहतीस मी पेनड्राइव्हवर घेतो आणि डबी फॉरमॅट मारतो. एकदम साफ. पेनड्राइव्ह दुकानात ऱ्हायलाय. चार वाजता येतो.”

राजू गाडीला किक मारून निघून गेला. सर वही उघडून बसले. गेलेल्या सात गाण्यांपुढे त्यांनी लाल फुल्या मारल्या होत्या. पहिलीच फुली होती ‘दुःख’ या गाण्यापुढे.

“ते गाणं त्यांचं पहिलं,” सर मुलांना हळूच म्हणाले. “यजमान गेले त्या वर्षी रचलेलं. आता पुन्हा गाऊन घ्यावं, तर तो आवाजच राहिला नाही.” चष्मा पुसायचं निमित्त करून ते दिव्यांच्या माळा बघायला बाहेर गेले.

तिघं विहाराच्या पायरीवर येऊन बसले.

“व्हायरसनं सातच का खाल्ली? चाळीस का न्हाई?” रत्नदीपने विचारलं.

“पोट भरलं असेल,” वेदांत म्हणाला.

“आणि सात खाऊन अकरा अंडी घातली?”

धम्मदीपाला हसू आलं नाही. “मला आधी वाटलं, ही सात गाणीच वेष बदलून बसलीत. पण मग अकरा कशी? सात गेली आणि अकरा आली. हिशेबच जमत नाही.”

“माझं तर डोकंच हँग झालंय,” वेदांतने कबूल केलं. वर्गात कॉम्प्युटरचा किडा म्हणून मिरवणाऱ्या पोराला हे कबूल करणं जड गेलं, पण केलं. “एक करता येईल. आपण डबी फक्त विंडोजच्या डोळ्यांनी बघतोय. तिला सरळ टीव्हीला जोडलं तर? आमच्या घरी वायर आहे, कीबोर्ड आहे. डबीला स्वतःला काय दिसतंय ते तरी कळेल.”

“सर नेऊ देणार न्हाईत. राजूदादानं हात लावू नका म्हणून सांगितलंय,” रत्नदीप म्हणाला.

“फायलींना लावू नका म्हणाला,” धम्मदीपा उठत म्हणाली. “डबीला नाही.”

तिघं पाय न वाजवता आत गेले. धम्मदीपाने टेबलावरची वही उचलली. वेदांत म्हणाला, “थांब, डबी आधी नीट बंद करायला...” तोवर रत्नदीपने वायर ओढून डबी काढलीसुद्धा. आता ती लपवायची कुठे? इतक्यात मागे बांगड्या वाजल्या. तिघं जागच्या जागी थिजले.

कोपऱ्यातून गंगूबाई बघत होत्या. डबीकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. मग त्यांनी आपली कापडी पिशवी रिकामी केली, चष्म्याचं घर आणि पानाची चंची मांडीवर ठेवली, आणि पिशवी पुढे केली.

“चारच्या आत या,” त्या कुजबुजल्या.

पौड रस्ता ओलांडायलाच पाच मिनिटं गेली. सोसायटीची लिफ्ट बंद होती. सहा मजले चढून तिघं वेदांतच्या घरी पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते. वेदांतने डबी टीव्हीला जोडली आणि वीज दिली. लाल दिवा लागला. पण हिरवा काही लागेना.

“मेली का रे?” रत्नदीप रडवेला झाला. “माझ्यामुळं?”

एक मिनिट गेलं, ते त्याला तासासारखं वाटलं. मग हिरवा दिवा लुकलुकला आणि टीव्हीवर चित्र आलं. वेदांतने गाण्यांचा फोल्डर उघडला.

धम्मदीपा वहीवर बोट ठेवून वाचत गेली, रत्नदीप टीव्हीवर शोधत गेला. चाळीसच्या चाळीस गाणी तिथे होती. ‘दुःख’सुद्धा. आणि शेवटी आणखी चार: ‘वंदना ६:१५’, ‘वंदना ६:३०’, ‘वंदना ६:४५’, ‘वंदना ७:००’.

“ही सरांनी आधी करून बघितलेली रेकॉर्डिंग,” धम्मदीपा म्हणाली. “वहीत नाहीत, कारण ती गंगूआत्याची गाणी नाहीत.”

“आणि भुतं कुटं गेली?”

भुतं नव्हतीच. एकही नव्हतं.

“म्हणजे डबीला सगळं नीट दिसतं आणि विंडोजला भुतं दिसतात?” वेदांतने केस ओढले. “असं कसं? फायली त्याच आहेत!”

“सात आणि चार अकरा,” रत्नदीप पुटपुटला.

“काय म्हणालास?”

“सात गेलेली गाणी, आणि ही चार वंदनेची. ही चारपण त्या कॉम्प्युटरवर दिसली न्हवती. सात आणि चार अकरा.”

हिशेब जमला होता. धम्मदीपाने भावाच्या पाठीवर थाप मारली. पण कोडं संपलं नव्हतं. हीच अकरा का? तिने वहीतली लाल फुल्यांची नावं पुन्हा वाचली. दुःख, स्वतः, अंतःकरण, निःशब्द, प्रातःकाळ, निःस्वार्थ, दुःखमुक्ती. गंगूबाईंच्या गाण्यांना नावं नव्हतीच. ती सरांनी दिलेली, एकाहून एक जडजड.

आणि तिला एकदम सहावीतली चाचणी आठवली. तिने ‘दुख’ लिहिलं होतं आणि सरांनी अर्धा गुण कापला होता. “धम्मदीपा, विसर्गाशिवाय दुःख अपुरं असतं,” असंही वर्गासमोर म्हणाले होते.

“विसर्ग,” ती म्हणाली. “सातही नावांत विसर्ग आहे. बाकी तेहतिसांत एकातही नाही.”

“पण वंदनेत कुठे विसर्ग आहे?” वेदांतने विचारलं.

ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली. ‘दु:ख’. दोन टिंबं. ‘६:३०’. दोन टिंबं. अगदी तीच.

“हा विसर्ग नाहीच! वेदांत, बघ, दोन्हीकडे एकच चिन्ह आहे. सरांना कीबोर्डवर विसर्ग सापडला नसणार, म्हणून त्यांनी वेळ लिहिताना वापरतो ती टिंबं मारली. दिसायला सारखीच.”

वेदांत ताडकन उभा राहिला. “अगं, विंडोजला ती टिंबं चालतच नाहीत! मी एकदा प्रोजेक्टच्या नावात टाकली होती, तर लगेच पाटी आली, हे चिन्ह नावात चालणार नाही म्हणून. विंडोज ती टिंबं ड्राइव्हच्या नावाला वापरतं. सीच्या पुढे असतात ना, ती. लिनक्सला असली कटकट नसते.”

“मग डबी काय करते?”

“समोरच्याला खरं नाव वाचता येत नाही म्हटल्यावर काहीतरी टोपणनाव सांगते. _K3R9P~T!”

“म्हणजे भूत न्हाई, टोपणनाव,” रत्नदीप म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलं.

खात्री करायला धम्मदीपाने ‘स्वत:’मधली टिंबं पुसली आणि बरंच शोधून खरा विसर्ग घातला. दुसऱ्या नावाला हात घालणार तोच घड्याळात चाराला दहा कमी दिसले. या वेळी वेदांतने डबी रीतसर बंद केली, आणि तिघं सहा मजले धडाधडा उतरले.

विहारात राजू पडलेल्या चेहऱ्याने वायरचं मोकळं टोक धरून उभा होता. “बघा सर, मी म्हनलं व्हतं. आता डबीच गेली.”

“व्हायरसनं डबी खाल्ली की काय?” सरांनी खरोखरच विचारलं.

“आम्ही नेली होती, सर,” धम्मदीपा धापा टाकत म्हणाली. “रागावा, पण पाच मिनिटांनी. आधी ही भुतं मोजा.”

तिने डबी जोडली. राजूने कपाळाला आठ्या घालून मोजलं. दहा भरली. आणि यादीत एक नवं गाणं आलं होतं: ‘स्वतः’.

“अकरा व्हती,” राजू म्हणाला. “एक कुटं गेलं?”

“एकाला त्याचं नाव परत मिळालं.” धम्मदीपाने माउस पहिल्या भुतावर नेला.

“ए पोरी, उघडू नको, सांगतोय!”

तिने उघडलं.

आधी नुसती खरखर झाली. मग त्या खोलीत सहा महिन्यांत कुणी न ऐकलेला, भरदार, मोकळा आवाज भरला:

दुक आलं दारी गं, त्याला दिला पाट,
पोटभर जेवून त्यानं धरली त्याची वाट.

राजूने वर उचललेला हात तसाच राहिला. कोपऱ्यात गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. आवाज तेवढा येत नव्हता. धम्मदीपाला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

गाणं संपल्यावर तिने सगळं सांगितलं. टिंबं, विसर्ग, सीच्या पुढचं चिन्ह आणि टोपणनाव. सर ऐकताना आधी गोंधळले, मग लाजले.

“म्हणजे चूक माझी,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांचे विसर्ग तपासले, आणि स्वतः घातला तो खोटा. धम्मदीपा, तुझा अर्धा गुण मी परत करतो.”

“मीबी बघाया पायजे व्हतं,” राजूने मान खाली घातली. “नाव येडंवाकडं दिसलं की व्हायरस म्हनायची सवयच लागलीय. फॉरमॅट मारला असता तर आत्याचं गाणं माझ्या हातनं गेलं असतं. पोरांनो, तुमी लई मोठं काम केलं. सुट्टीत दुकानात येत जावा, मलाच शिकवा काहीतरी.”

सर खुर्चीवर बसले आणि धम्मदीपाने दाखवल्याप्रमाणे पहिल्या टोपणनावाच्या जागी ‘दुः’ एवढं लिहिलं. तेवढ्यात गंगूबाई उठून आल्या. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय लिवताय, सर?”

“तुमच्या गाण्याचं नाव. दुःख.”

“आन् ही टिंबं कशाची?”

“विसर्ग आहे तो. शब्दातच असतो.”

“माझ्या शब्दात न्हाई,” गंगूबाई कुजबुजल्या. “मी दुक म्हनते. गाण्यातबी दुकच हाय. तसंच लिवलं असतं, तर कुटंच हरवलं नसतं.”

सरांनी लिहिलेलं पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, जाणूनबुजून, शाळेतल्या कुणालाही गुण मिळाला नसता अशी दोन अक्षरं उमटवली.

“कुटं हाय माझं?” गंगूबाईंनी विचारलं.

रत्नदीपने त्यांचं बोट धरलं आणि पडद्यावर ‘दुक’वर नेऊन ठेवलं. त्यांनी ती दोन अक्षरं दोनदा बोटाने गिरवली. सहा वाजता विहार भरला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तेच गाणं लावायला सांगितलं.