पेटीवरची बांधणी

पेटीत दगड निघाला, तेव्हा लग्नाला चार तास उरले होते.

सार्जंट लोसालिनी फिजीच्या राजधानीत, सुव्हात, एका पत्र्याच्या घरात शिरली, तेव्हा मेरेआनी जमिनीवर बसून रडत होती. मुलाच्या लग्नात सुनेच्या माहेरी द्यायचा देवमाशाचा दात, मेरेआनीच्या वडिलांचा तांबुआ, गायब होता. पोलीस बोलवायचा हट्ट तिच्या भावाचा. इसिकेली आठवड्यापूर्वीच बेटावरून आला होता. चहालासुद्धा त्याने मांडीवरची टोपली खाली ठेवली नव्हती. टोपलीचा तुटका कान काथ्याने चौकटी-चौकटीत सुबक आवळलेला होता.

चोर त्याने कधीच ठरवून टाकला होता: पंधरा वर्षांची भाची, उनाइसी. ती मामाचीच टोपी घालून भिंतीला टेकली होती. टोपी तिने पहिल्याच दिवशी उचलली होती. मामाची वस्तू भाचीने घ्यावी आणि मामाने नाही म्हणू नये, हा त्यांचा जुना रिवाज.

“लिहा बाई, शहरानं बिघडवली,” इसिकेली म्हणाला. “बसथांब्याची भिंत रंगवताना धरली होती ना हिला? संध्याकाळच्या बोटीनं गावी नेतो. तिथं सरळ होईल.”

“सोमवारी माझी परीक्षा आहे,” उनाइसी म्हणाली. “आणि हो, रंगवली भिंत. मासे काढले. झकास होते.”

“रात्री घरात कोण होतं?” लोसालिनीने विचारलं.

“आम्ही तिघंच. नवरामुलगा मित्राकडे होता,” मेरेआनी म्हणाली.

“पेटी शेवटची कुणी बांधली?”

“मीच, काल दुपारी. काथ्याच्या दोन साध्या गाठी. सकाळी दाताला तेल लावायला पेटी काढली तर गाठ सुटेचना. शेवटी सुरीनं कापली.”

कापलेल्या काथ्यावर चौकटी अजून शाबूत होत्या. लोसालिनीने उनाइसीला दुसरा काथ्या दिला. “बांध बघू.”

तिने बुटाच्या नाडीसारखं फूल बांधलं.

“हे शहराचं शिक्षण!” इसिकेली हसला.

“तेच तर म्हणतेय. चोरानं पेटी बांधली ती गावाकडे घराची तुळई आवळतात तशी. या दोघींना ती बांधणी येत नाही.”

“नाटक करतेय पोरगी!”

“मग तुमच्या टोपलीचा कान बघा. तीच चौकट, तोच शेवटचा पीळ. पेटी उघडून दगड दिसू नये म्हणून घट्ट आवळलीत, पण हाताची सवय लपली नाही. ठेवा टोपली खाली.”

अळूच्या पानांखाली दात होता.

“बापाचा दात आहे माझ्या!” इसिकेली ओरडला. “शहरातल्या परक्यांना वाटता? तो माझा आहे!”

“आणि पोरीवर आळ का?”

“तिचं नाव घेतलं की कुणी पुढं विचारत नाही.”

हे मात्र खरं होतं, आणि लोसालिनीला त्याचाच संताप आला. ती याच गल्लीत वाढली होती.

उनाइसीने टोपलीत हात घातला. “तुझा आहे ना, मामा? मग मी घेतला. म्हण बघू नाही!”

रिवाज मोडता येईना; इसिकेलीने टोपली तिच्याकडे सरकवली.

तिने दात आईच्या ओटीत ठेवला. “सार्जंटबाई, आता काय लिहिणार? गावानं बिघडवला?”

लोसालिनीने तक्रारीचा कागद फाडला.

“बोटीनं एकटाच जा, मामा,” उनाइसी म्हणाली. “टोपीही माझ्याकडेच राहील.”