हिरव्या चिंधीची गाठ

ज्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, त्यांनी खुशाल हसावं. माझी जाऊ अंजनी खोटं बोलणारी बाई नव्हती. तिने सांगितलं तेच सांगते, यात माझ्या पदरचं काही नाही.

१९८७ साल. दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. जागा, उल्हासनगरातला एक बनियनचा कारखाना. आणि वेळ... भर दुपारची.

अंजनी तिथे माल तपासायची. काय दिवस होते ते! बायकांची थट्टामस्करी मशीनच्या आवाजाच्याही वर जायची. शिवणाऱ्या प्रत्येकीचा एक रंग ठरलेला. झालेल्या गठ्ठ्याला ती आपल्या रंगाची चिंधी बांधायची, म्हणजे काम कुणाचं ते लगेच कळे.

हिरवी चिंधी जिजाची.

जिजा मोरिवलीची. एका सकाळी तिचा पदर मशीनखालच्या पट्ट्यात ओढला गेला. कोणी बटण बंद करेपर्यंत गळ्याला फास बसला होता.

त्यानंतर हिरवा रंग कोणी घेतला नाही. तिच्या मशीनवर चादर पडली, ती पडलीच.

जिजाच्या मागे तिची एकुलती एक मुलगी, वेणू. अंजनीने तिला आपल्या घरी आणलं, धागे कापायच्या कामाला लावलं. पोरगी हुशार. शिलाईवर देखरेख करणाऱ्या नाथामास्तरने तिला हेरलं.

"शनिवारपासून ही आईच्या मशीनवर बसेल. कब तक रिकामं ठेवायचं मशीन?"

वेणू हरखली. अंजनी मात्र मशीनवरच्या चादरीकडे बघत राहिली.

शुक्रवारी त्या सगळ्या भागाची लाईट बंद असायची. कारखान्याला सुट्टी. थोडे धागे कापायचे राहिले होते, म्हणून या दोघीच आल्या होत्या. खिडकीपाशी बसून कात्री चालवत होत्या.

"मावशी, दिवाळीची ओढणी आजच घातली म्हणून रागावलीस काय?"

"रागावू कशाला? राणी दिसतेस. पण मशीनवर ही लांब शेपटी नको हां. कमरेला घट्ट बांधायची."

"बांधीन गं."

"तुझी आईपण असंच म्हणायची."

 वेणू उठली, आईच्या मशीनवरची चादर काढली, धूळ पुसली. घामाघूम झाली तशी ओढणी तिथल्याच स्टुलावर टाकून ती बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेली.

कारखान्यात अंजनी एकटी.

आणि मग...

खर्रर्र...

अंजनीची कात्री थांबली.

खर्रर्र... थांबलं. टक टक. पुन्हा खर्रर्र...

शेजारच्या कारखान्यातून येत असेल? पण तिथेही लाईट नव्हतीच.

आणि ती टक टक अंजनीच्या ओळखीची होती. शिवण संपली की जिजा फळीवर दोनदा बोट आपटायची. तिची खोडच ती.

अंजनीला मान वळवायची होती. वळेना.

"मावशी!" दारातून वेणूची हाक आली. "लाईट आली काय? मशीन कोण चालवतंय?"

मशीनचा आवाज तुटला.

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं...

दोघी मशीनपाशी गेल्या. स्टूल रिकामं. ओढणी नव्हती.

ती सापडली झालेल्या मालाच्या टोपलीत. नीट घडी घातलेली. वर हिरवी चिंधी बांधलेली.

वेणूने घडी उलगडली. दोन्ही टोकं कापलेली होती, कडा बारीक शिवलेल्या. खाली लोंबेल असं काही उरलंच नव्हतं.

"आई आली व्हती," वेणू रडत हसली. "मी बसावं म्हणून शिवून दिलंय तिने."

अंजनीला तसं वाटत नव्हतं. कापलेली टोकं कुठेच दिसत नव्हती.

शनिवारी नाथामास्तरला सांगितलं, तर तो हसत सुटला.

"अंजनीबाई, उन्हात डोकं फिरलं काय? चल गं पोरी, बस."

"ती बसणार नाही," अंजनी मशीनला आडवी उभी राहिली. "बसवायचीच असेल, तर आम्ही दोघी चाललो."

"बघा, मीच बसून दाखवतो."

त्याने बटण दाबलं. मशीन नुसतं गुरगुरलं. हलेना.

शिव्या घालत तो खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

ओढणीची दोन्ही टोकं पट्ट्यात गुंडाळली होती. करकचून. जिजाचा पदर गुंडाळला होता, अगदी तशीच...

मास्तरचं हसू मावळलं. त्याच दिवशी मशीन भंगारात गेलं. वेणू धागे कापत राहिली. पुढे लग्न होऊन शिरगावला गेली. तिथे तिने पायाचं मशीन घेतलं.

२००५ च्या सुमारास अंजनी तिच्याकडे गेली होती. वेणूची मुलगी सरू मशीनवर फ्रॉक शिवत बसली होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली.

अंजनीला भरून आलं. "शहाणी गं माझी. आईने बांधायला शिकवलं ना?"

सरू पाय न थांबवता म्हणाली, "मी कुठे बांधते आजी? बसले की मागून आईच बांधते."

चहा घेऊन आलेल्या वेणूने कप खाली ठेवला.

"मी?" ती म्हणाली. "मी तर कधी..."

अंजनीने सरूच्या पाठीमागे पाहिलं. गाठीत हिरवी चिंधी होती.

आणि फळीवर... टक टक.

अंजनी आता नाही. तिने सांगितल्यापासून मी स्वतः शिवायला बसले, की पदर आधी खोचून घेते. मागे कोणाचा हात लागायला नको.